आप्पांचा बाजा, ‘मास्तर सुटले’ आणि जॅझ: जाणकारांना तीन प्रश्न

बोरीकाठचा (अमळनेर):

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, संगीतातला नाही. काही चुकीचं लिहिलं तर खुशाल दंडाची पावती फाडा.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. घरात त्याला सॅक्सोफोन कुणी म्हटलं नाही, ‘बाजा’च. एरवी शिलाई मशीन, आणि लग्नसराई लागली की लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर. अमळनेर, पारोळा, धरणगाव, तापी ओलांडून चोपडा-शिरपूर, एवढ्या टापूत सुपाऱ्या असायच्या. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला तर एका दिवसात तीन-तीन गल्ल्या. २०१४ मध्ये ते गेले. बाजा पेटीत आहे. पेटी उघडली की आतल्या मखमलीला अजून रॉकेल, पितळ आणि पानाचा मिळून एक वास येतो.

पहिला प्रश्न. वरात चौकात थांबली, नाचणारे रंगात आले, की आप्पा गाणं सोडायचे. म्हणजे गाणं चालूच. ढोल आणि साइड ड्रम ठेका धरून, दोन्ही क्लारनेटवाले मुखडा धरून, आणि आप्पा त्याच्या वरून, खालून, आडोशाने कुठे कुठे फिरून यायचे. पाच मिनिटं, कधी दहा. बँडवाल्यांचा त्याला शब्द होता, ‘मास्तर सुटले’. साइडवाले काका ढोलवाल्याला नुसत्या डोळ्याने खुणवायचे की आता हात काढू नको. लोक दहाच्या नोटा ओवाळून बाजाच्या भोंग्यात टाकायचे. पाच-सहा नोटा आत गेल्या की आप्पा वाजवता वाजवता वरच्या सुरांत सरकायचे. मला वाटायचं, पैसे पडल्याच्या आनंदात चढतात. एकदा त्यांनीच सांगितलं, “आनंद कसला रे, नोटांनी खालचा सूर घुसमटतो, निघतच नाही.”

आता झालं असं की मागच्या महिन्यात माझी मुक्कामी ड्यूटी होती. गाडी गावात लावली, चालक जेवून झोपला, मी मागच्या लांब सीटवर मोबाइल घेऊन आडवा. सॅक्सोफोन म्हणून शोधलं. आधी मनोहारी सिंगांची फिल्मी गाणी आली. हे नाव आप्पा कान धरून घ्यायचे. मग मोबाइल आपल्याच मनाने पुढे गेला आणि काळ्या-पांढऱ्या चित्रात एक टोपीवाला बाजा तिरपा धरून वाजवायला लागला. भाषा नाही, ओळख नाही, धून माहीत नाही. आणि दोन मिनिटांनी मी ताडकन उठून बसलो. हा सुटलाय! मागे ड्रमवाला नेमका साइडवाल्या काकांसारखा धरून बसलाय. खाली लिहिलं होतं जॅझ.

तर विचारायचं ते हे: आप्पा करायचे ते आणि जॅझवाले करतात ते एकच का? की मी उगाच बापाला मोठं करतोय?

दुसरा प्रश्न जरा दुखरा आहे. २००० च्या आसपास बँडच्या मालकांनी गाडीवर कॅसिओ घेतला. पहिल्याच सुपारीला आप्पांचा बाजा आणि कॅसिओ जुळेना. मालक चारचौघांत म्हणाले, मास्तर, तुमचा बाजा बेसूर झाला, वय झालं. आप्पांनी बाजाचं तोंड आत-बाहेर करून पाहिलं, त्यातली वेताची पत्ती बदलली, जमलं नाही. दोन लग्नं रेटली, मग घरी बसले. विषय काढला की मशीनवर मान खाली घालून पाय मारत राहायचे. बाजा खरंच बेसूर होता का, हे आता कळू शकतं का? भोंग्यावरची नक्षी घासून गेलीय, पण मागे अंगठ्याच्या जवळ एक आकडा आणि त्याखाली इंग्रजीत ‘एच पी’ ठोकलेलं आहे. आप्पा म्हणायचे इंग्लिश माल आहे, पलटणीतला. आम्ही भाऊ त्यांची चेष्टा करायचो, हिंदुस्थान पेट्रोलियमचा आहे म्हणून.

तिसरा: ऐकायला सुरुवात कुठून करू? सांगाल ते मुक्कामी गाडीत ऐकणार आहे, त्यामुळे झोप लागेल असं नको.


यार्डमास्तर (भुसावळ):

बोरीकाठचे भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी एक नाव टाकतो, मग बाकीचं. पॉल गोन्साल्विस. आडनावावरून गोव्याचा समजू नका. जन्म अमेरिकेतला, घराणं केप व्हर्दी बेटांचं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. ७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, रात्र बरीच झालेली, लोक घरी निघायच्या बेतात. एलिंग्टनने जुन्या दोन रचना एकापाठोपाठ लावल्या आणि मधल्या जागेत गोन्साल्विसला सोडला. बारा मात्रांच्या नव्हे, बारा ‘बार’च्या ब्लूजची (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा साचा) त्याने २७ आवर्तनं वाजवली. सत्तावीस! निघालेले लोक परत फिरले, एक बाई काळ्या पोशाखात नाचायला लागली, मग सगळं मैदान. जो जोन्स नावाचा मोठा ड्रमर त्या वेळी वाजवत नव्हता, कडेला बसला होता, तर तो वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ठेका देत होता. तुमचे साइडवाले काकाच की हो हे.

गंमत पुढे आहे. त्या भरात गोन्साल्विस चुकीच्या माइकसमोर उभा राहिला. रेकॉर्ड कंपनीचा माइक सोडून व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकमध्ये वाजवत राहिला. त्यामुळे रेकॉर्ड निघाली तेव्हा सगळ्यात गाजलेला तुकडाच लांबून आल्यासारखा. पुढे रेडिओची टेप सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही जुळवून नवी आवृत्ती काढली. ऐकायची तर तीच ऐका.

मला हे कसं माहीत? आमचं रेल्वे कॉलनीतलं बालपण. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल राहायचे. मेल घेऊन आले की आंघोळ, मग शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक १९५५ पासून तिथे जॅझचा कार्यक्रम करायचा. इंग्रजी इतकं सावकाश आणि सुटं बोलायचा की माझं अर्धं इंग्रजी त्याच्याकडूनच आलं. आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा. यार्डात शंटिंग चालू असलं की खडखडाट. अंकल एरियलची तार हातात धरून उभे राहायचे, आम्ही पोरं ओट्यावर. घरातून आईची हाक आली की उठायचं, एकदा अंकलने सांगितलं, “बस, सोलो चल रहा है,” आणि त्या दिवशी मी उशिरा जाऊन मार खाल्ला.

आता तुमच्या आप्पांचं. तुम्ही बापाला उगाच मोठं करत नाही आहात, पण नातं नेमकं सांगायला हवं. सॅक्सोफोन काढला बेल्जियमच्या अॅडॉल्फ साक्सने, पॅरिसमध्ये, १८४६ चं पेटंट. तो मुख्यतः लष्करी बँडांत शिरला. लाल कोट, झालर, रांगेत चालणं, हे आपल्या लग्नाच्या बँडने पलटणीकडूनच उचललेलं. तिकडे न्यू ऑर्लीन्सलाही तेच मूळ: ब्रास बँड. प्रेतयात्रेला जाताना संथ, जड वाजवायचं आणि दफन करून परतताना उडत्या ठेक्याचं. आपल्याकडेही पिकलं पान गळालं की भजन-बँड लावतात, तुम्ही पाहिलंच असेल. त्या रस्त्यावरच्या वाजवण्यातून, ब्लूजमधून, चर्चच्या गाण्यातून जॅझ उभा राहिला. सुरुवातीला पुढे कॉर्नेट, क्लारनेट, ट्रॉम्बोन. त्यातूनच १९०१ ला जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग आला आणि एकट्याने सुटण्याला त्याने खरी किंमत आणली. सॅक्सोफोन मागाहून, १९२० च्या दशकात, कोलमन हॉकिन्सच्या हातात मोठा झाला.

मग ते मुंबईला आलं. १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड ताजमध्ये, पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड पियानोवर. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी उचललं. त्यांना चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकवलेली असायची, त्यामुळे हात तयार. चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, याला तर हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हॉटेलात रात्री जॅझ, दिवसा हीच मंडळी फिल्मी स्टुडिओत. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्यांना घेऊन बसले. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. आणि ती गाणी पुढच्या लग्नसराईत कुणी वाजवली? तुमच्या आप्पांच्या आधीच्या मास्तरांनी, पारोळ्याच्या चौकात. म्हणजे जॅझ आप्पांच्या बाजात आडवाटेने आधीच येऊन बसला होता.

वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला, तिथेच १९४५ मध्ये कॉलऱ्याने वारला. रेल्वेने गेला असेल आणि नागपूरमार्गे गेला असेल तर आमच्या फलाटावर गाडी थांबली असणार. पुरावा शून्य. पण नोकरीत असताना रात्रपाळीला मी त्याला दोन-तीनदा चहा पाजलाय.


पेटीवाली (धुळे):

यार्डमास्तर काका, चहा आवडला.

बोरीकाठचे दादा, मी शाळेत संगीत शिकवते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही, कारण ‘एच पी’ म्हणजे बहुतेक ‘हाय पिच’. चढी पट्टी.

आज जगभर पांढरी सहा, म्हणजे इंग्रजी ए, सेकंदाला ४४० कंपनांवर लावतात. पण इंग्रजांच्या लष्करी बँडांची जुनी पट्टी साधारण ४५२ होती आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती चालली. दोन पट्ट्यांतला गोंधळ टाळायला त्या काळचे अनेक कारखाने वाद्यावर ‘हाय पिच’ किंवा ‘लो पिच’ ठोकायचे, काही नुसती आद्याक्षरं. ४४० आणि ४५२ मधला फरक पेटीच्या एका सुरातून शेजारच्या सुरात जायच्या अंतराच्या जवळजवळ निम्मा आहे. म्हणजे असा सूर पेटीत सापडणारच नाही, दोन सुरांच्या फटीत पडेल. तोंड बाहेर ओढून थोडं उतरतं, पण बाजाची भोकं चढ्या पट्टीच्या हिशोबाने पाडलेली असतात. जास्त ओढलं की वरचे सूर एकीकडे, खालचे दुसरीकडे. बँडमध्ये क्लारनेटवाले ऐकून-ओठ दाबून जुळवून घेतात, कॅसिओ ओठ कुठून दाबणार?

अंदाज नको, तपासा. आधी बाजा कोणता ते: तोंडाकडची मान एकदाच वळून खाली आली असेल तर अल्टो, हंसासारखी आधी वर उठून मग वळली असेल तर टेनर. मग डाव्या हाताचं फक्त मधलं बोट दाबून फुंका. हा बाजावरचा ‘सी’. अल्टो असेल तर पेटीवर काळी दोन, टेनर असेल तर काळी पाच यायला हवी. सॅक्सोफोन असाच असतो, लिहायचं एक आणि ऐकू येतं दुसरं. तो दोष नाही. काळी दोन नेमकी जुळली तर बाजा आजच्या पट्टीतला. काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध लटकला, तर आप्पा बरोबर होते. मोबाइलवर सूर मोजायचं अॅप घ्या, ते आकडाच दाखवेल.

आता पहिला प्रश्न. काकांशी मी ऐंशी टक्के सहमत. फरक एकाच ठिकाणी आहे, पण मोठा आहे. आप्पांच्या खाली जमीन एकच होती, सा. कितीही फिरले तरी घर तिथेच. जॅझमध्ये खालची जमीन ठरलेल्या वेळी सरकते. ब्लूजचं बारा बारचं आवर्तन बोटांवर मोजून पाहा, प्रत्येक बार चार मात्रांचा: पहिले चार बार सा-वर, दोन म-वर, दोन परत सा-वर, मग एक प, एक म, आणि शेवटचे दोन सा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात हे फिरत असतं आणि त्यावर तो सुटतो. भरकटल्यासारखा वाटतो, पण पाचव्या बारला म आला की त्याला तिथे हजर असावं लागतं. बारा चोक अठ्ठेचाळीस. आपला विलंबित एकताल, बारा मात्रा आणि एकेका मात्रेचे चार भाग, तोही अठ्ठेचाळीसच. याचं त्याच्याशी काही नातं नाही, योगायोग आहे, पण सम गाठायची धडधड मला दोन्हीकडे सारखी होते.

आणखी एक, खाली शुद्ध गंधार चालू असताना वर कोमल गंधार लावायचा, तोही जरा हलता. कोमल नी तसाच. ही ब्लूजची करुणा. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार येतात ना, तिथे कान लावला की ती चव लवकर कळते.

ऐकायला जॉनी हॉजेस घ्या. एलिंग्टनकडचाच, अल्टो. एका सुरातून दुसऱ्यात तो असा ओघळतो की मींड म्हणजे काय हे मी वर्गात मुलांना त्याच्यावरून दाखवते. पालकांना अजून कळलेलं नाही.


खान्देशी तडका (शिरपूर):

काय भो, इतलं सगळं वाचीसन मन्हं डोकं गरगरी गयं. पण मजा उनी. एकच सांगा, हाई जॅझवाला हळदले उनात ते सुपारी किती लेतीन? आणि आमच्याकडे डीजेवाला आवाजाने पत्रे हलवतो, त्याच्यात कुणी सुटत नाही, हे मात्र खरं.


बोरीकाठचा (अमळनेर):

तडकाभाऊ, सुपारी सोडा, त्यांना शेवभाजी झेपणार नाही.

ताई, कालच्या सुट्टीला बसलो. मान एकदाच वळलेली, म्हणजे अल्टो. पेटीतली पत्ती काढली तर कडा उंदराने कुरतडल्यासारखी. पण डब्यात आप्पांनी ब्लेडने तासून ठेवलेल्या दोन निघाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक तोंडात भिजवत ठेवली, त्यांना तसंच करताना पाहिलंय, चहा होईपर्यंत गालात. मग फुंकलं. पहिली दहा मिनिटं नुसती हवा. शेजारच्या म्हशीने एकदा मान वळवली. मग मुलगी म्हणाली, पप्पा, दात वर ठेवा, खालचा ओठ दातांवर घ्या, तिने व्हिडिओत पाहिलं होतं. आणि एकदम निघाला. एवढा मोठा की मीच दचकलो.

डाव्या हाताचं मधलं बोट. मुलगी अॅप धरून. काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली. पुन्हा केलं, मोठ्याने, हळू, तोंड थोडं बाहेर ओढून, आत सारून. काटा मधल्या भागातच. मग तिने अॅपमध्ये ४४० चं ४५२ केलं. काटा हिरव्यावर.

मग तिने अजून एक गोष्ट दाखवली. तिच्या मैत्रिणीकडे कॅसिओ आहे, त्यात सूर बारीक वर-खाली करायची सोय असते. बटण दाबत गेलं की सगळा कॅसिओच चढ्या पट्टीत जातो. मालकांच्या त्या जुन्या कॅसिओत ती सोय होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण कुणी पुस्तिका उघडून पाहिली नव्हती, एवढं मला पक्कं आठवतं, कारण ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद आमच्याच दुकानात कितीतरी दिवस पडून होती. कॅसिओचं कव्हर शिवायला आप्पांकडेच दिलं होतं.

भावाला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, हिंदुस्थान पेट्रोलियम.

आता नवी अडचण. करंगळीने दाबायच्या किल्लीची झाकणी चिकटते, मधूनच उघडतच नाही. आणि एका किल्लीला स्प्रिंगच्या जागी परकराचं इलॅस्टिक बांधलेलं आहे, गाठ आप्पांचीच. कुणाला दाखवू?


ठोकाठोकी (चाळीसगाव):

कुणाला दाखवू नका, आधी मी सांगतो ते करा. आमचं घर तीन पिढ्या बँडचे बाजे दुरुस्त करतं. सामान मेरठच्या जली कोठीतून येतं, बँडची पितळी वाद्यं जिथे बनतात ते.

चिकटणारी डाव्या करंगळीची असेल तर ती जी शार्प. तिची गादी, म्हणजे भोक बंद करणाऱ्या झाकणीतला मऊ पॅड, एरवी बंद असते, कमजोर स्प्रिंगवर उघडते, त्यामुळे थुंकी-साखरेने पहिली तीच चिकटते. वाजवण्याआधी चहा प्यायला का? तोंड धुऊन वाजवा. दहाची कोरी नोट घ्या, गादीखाली सरकवा, किल्ली अलगद दाबा आणि नोट ओढून काढा. चार-पाच वेळा. परदेशातले वाजवणारे डॉलरने करतात, काम तेच.

रात्री घरातले दिवे बंद करून बारीक एलईडीची माळ भोंग्यातून आत सोडा. सगळ्या गाद्या एकेक करून हलक्या हाताने दाबा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा जाते. जोर लावून दाबू नका, जोराने फुटकी गादीपण बसते आणि माणूस फसतो. एक-दोन गळत असतील तर चालेल. सात-आठ असतील तर बाजा इकडे घेऊन या, एसटीने या, तुम्हाला फुकट.

इलॅस्टिक काढा. ते एकतर जास्त ओढतं, नाहीतर उन्हात सैल पडतं. जुनी मंडळी त्या जागी शिलाईची सुई बसवायची आणि आप्पांच्या घरात सुयांना तोटा नसणार. पण सुई तशीच लावली तर काडकन मोडते. चिमट्यात धरून मेणबत्तीवर नव्हे, गॅसच्या निळ्या ज्योतीच्या टोकावर तापवा. आधी पिवळसर होईल, मग तपकिरी, मग निळी. निळी झाली की लगेच बाहेर. मग लवचीक होते. एक डोळा तिच्यावर ठेवा, निळ्याच्या पुढे गेली की मऊ पडली, फेकून द्यायची.

आणि बाजा ४४० चा करून देतो असं कुणी सांगितलं तर उठून या. तो आहे त्याच पट्टीत राहू द्या, तंबोरा अॅप ४५२ ला लावा.


यार्डमास्तर (भुसावळ):

एक राहिलं. तिरपा बाजा धरणारा टोपीवाला बहुधा लेस्टर यंग, १९०९ ते १९५९. कमी सूर वाजवणारा. तुमचे आप्पा फार सूर ओतायचे की मोजके, हे सांगा, त्यावरून पुढचं नाव देतो. ओतणारे असतील तर चार्ली पार्कर. १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलला तो प्लॅस्टिकचा अल्टो घेऊन उभा राहिला होता आणि काय वाजवला आहे! बाजावरून माणूस ठरवणाऱ्या मालकांना ऐकवा.


बोरीकाठचा (अमळनेर):

काका, मोजके. पण नोटा पडल्या की ओतायचे.

सुई तिसरी जमली. पहिल्या दोन काळ्या झाल्या. जी शार्प आता उघडते. उजेडाची रेघ चार गाद्यांना दिसली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात चाळीसगाव.

काल साइडवाल्या काकांना घरी बोलावलं. वय ऐंशीच्या आसपास, ऐकू कमी येतं, म्हणून मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला. तुम्ही सांगितलेली गोन्साल्विसची १९९९ ची आवृत्ती लावली. एलिंग्टन कोण, न्यूपोर्ट कुठे, काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं ऐका. काकांनी उजव्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर धरलं. कुठेतरी चौथ्या-पाचव्या आवर्तनाला दुसरा हातही आला. मी पेरांवर मोजत होतो, अकरानंतर माझी गिनती चुकली. त्यांची चुकली नसावी, प्रत्येक आवर्तन सुरू होताना ते भुवया उडवत होते. मागे लोकांचा ओरडा वाढला तसे काका पुढे वाकले आणि पातेल्यात तोंड घालून माणसाला विचारावं तसं विचारलं,

“हाऊ कोनता चौक शे, भो?”